आरशाच्या जागेवरचा बिल्ला

१

इंजिनाच्या पोटात आरसा सापडला आणि मुंगीची बढती तिथल्या तिथे अडकली.

आरसा म्हणजे केस विंचरायचा नव्हे. लांब दांड्याच्या टोकाला वाटीच्या बुडाएवढी गोल काच बसवलेली असते. जिथे डोकं शिरत नाही तिथलं बघायला विमानाच्या इंजिनावर काम करणारे लोक ती वापरतात. असं हत्यार आत राहिलं आणि इंजिन चालू झालं तर पात्यांचा चुरा होतो, आणि हवेत असताना झालं तर माणसांचाही. त्यामुळे हवाई तळावर चोरी करणाऱ्याला एक वेळ माफी मिळते, हत्यार आत विसरणाऱ्याला मिळत नाही.

चौकशीला मुख्यालयाने मला पाठवलं. पुढ्यात मला सगळे मॅडम म्हणतात, पाठीमागे भिंग. मीही उमेदीची वर्षं इंजिनाखाली उताणी पडून काढली आहेत. मग बढत्या मिळत गेल्या. पहिल्या बढतीत पाना सुटला, दुसरीत पक्कड, आणि आता हातात नुसतं पेन उरलंय. फौजेतल्या कारागिराचं असंच असतं. हात चांगला चालतो म्हणून त्याला वर घेतात, आणि वर गेल्यावर हात चालवायचं कामच राहत नाही. मुख्य तंत्रज्ञाची जागा तेवढी याला अपवाद. तो शेडमध्येच राहतो, आणि त्याची सही झाल्याशिवाय दुरुस्त केलेलं इंजिन विमानावर चढत नाही.

ती एकच जागा रिकामी होणार होती, कारण शेडचे जुने मुख्य तंत्रज्ञ निवृत्त होत होते. त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. जागेसाठी उमेदवार दोन. एक पंडित, पुस्तकं कोळून प्यालेला. दुसरा मुंगी, वस्तादांचा पट्टशिष्य, जो मान खाली घालून स्वतःपेक्षा मोठी ओझी ओढतो म्हणून मुंगी. मुंगीची ही तिसरी आणि शेवटची संधी होती. नियमच तसा आहे: तिसऱ्यांदा हुकलं की नोकरी संपते, पूर्ण पेन्शन नाही, आणि क्वार्टर रिकामं करायचं. त्या क्वार्टरमध्ये त्याची बायको, आई आणि शाळेत जाणारी मुलगी राहत होती.

दोघांनी एकेक इंजिन जोडून दाखवायचं अशी परीक्षा होती. मुंगीने संध्याकाळी काम पुरं केलं. सकाळी परीक्षकाने इंजिनाच्या कुशीतली तपासणीची झडप उघडली, आणि आत आरसा. हत्यारांच्या फळ्यावर आरशाची जागा रिकामी होती आणि तिथे मुंगीच्या नंबरचा बिल्ला लटकत होता.

तळाच्या साहेबांनी मला चहा पाजला आणि प्रकरण सरळ असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, सरळ असेल तर लवकर संपेल. मग मी मुंगीला भेटायला गेले. तो आरोप मान्यही करत नव्हता आणि नाकारतही नव्हता.

२

शेडमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला हत्यारखाना. भिंतभर फळा, त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलेला आणि प्रत्येक आकाराशी एक खुंटी. हत्यार काढायचं तर आपल्या कड्यात ओवलेला, आपला नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला त्या खुंटीला अडकवायचा. परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. संध्याकाळी फळ्यावर सगळी हत्यारं दिसली पाहिजेत आणि एकही बिल्ला दिसता कामा नये.

फळा सांभाळणारी बाई मुंगीची बायको. अख्खी शेड तिला वहिनी म्हणते, तिच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा. वहिनीचं म्हणणं एका वाक्याचं होतं: संध्याकाळी फळा भरलेला होता. मी ते तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं आणि तिन्ही वेळा तेच वाक्य मिळालं. शेवटी ती वैतागली.

"मॅडम, मी त्यांची बायको आहे म्हणून माझं कुणी धरत नाही. पण नवरा एकीकडे आणि फळा एकीकडे. आरसा नसता तर मी त्यांना जेवायलासुद्धा घरी सोडलं नसतं."

मला ते पटलं. मग तिने पाकिटात घालून ठेवलेला बिल्ला दाखवला. नंबर मुंगीचाच होता, पण वाचायला मला तो उजेडात तिरपा धरावा लागला. पितळ सोन्यासारखं चमकत होतं, कडा गुळगुळीत, ठोकलेले आकडे जवळजवळ पुसलेले. कुणीतरी वर्षानुवर्षं अंगठ्याने घासल्यासारखे.

परीक्षक मुंगीच्या इंजिनापाशी पहाऱ्याला बसल्यासारखे बसले होते. त्यांनी नेमकं काय पाहिलं ते मी विचारून घेतलं. झडपेच्या स्क्रूंना पीळ घातलेली तार बांधलेली असते, हादऱ्याने ते सैल होऊ नयेत म्हणून. ती तार उत्तम बांधलेली होती. टोक आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये असं. आरसा पात्यांत अडकलेला नव्हता की खाली पडलेला नव्हता. झडपेच्या आतल्या अरुंद कठड्यावर, दांडा बाहेरच्या बाजूला करून, तो नीट ठेवलेला होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती त्यांना फारशी महत्त्वाची वाटत नव्हती. आतल्या बोल्टांवर ताज्या ग्रीसचा पातळ थर होता, आणि एकूणएक बोल्टाच्या डोक्यावर उघड्या बोटांच्या खुणा होत्या. ठसे ओळखण्याजोगे नव्हते, सगळे फरफटलेले. परीक्षेत हातमोजे सक्तीचे असतात आणि मुंगीने ते शेवटपर्यंत काढले नव्हते, हे परीक्षकांनी स्वतः समोर बसून पाहिलं होतं.

म्हणजे मुंगीनंतर कुणीतरी झडप उघडली होती.

३

पहिला संशय पंडितावर जायला हवा होता आणि तो गेलाच. जागा एक, उमेदवार दोन. दुसऱ्याचं इंजिन बिघडलं की याचं भलं. त्यात तो त्या सकाळी सगळ्यांच्या आधी आला होता. ही गोष्ट त्याने मी विचारायच्या आधीच सांगितली, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणून मी कान टवकारले.

तो शेडबाहेरच्या बाकावर वाचत बसला होता म्हणाला. नुकतं फटफटत होतं. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"मग आत का नाही बसलात?" मी विचारलं.

"आत दिवे नव्हते. कुणी नसताना आत जायचं आणि मग काही झालं तर माझ्यावर यायचं. मला माहीत आहे लोक मला पाण्यात पाहतात. मी आपला बाहेरच्या दिव्याच्या खांबाखाली वाचत बसलो."

तो बाहेर असताना कुणी आत गेलं का? नाही. कुणी बाहेर आलं का? वस्ताद आले थोड्या वेळाने, रोजच्यासारखे. दार रोज तेच उघडतात. त्यांनी पंडिताकडे न बघता त्याला नावाने हाक मारली आणि लवकर आलास म्हणाले. तो सरळ त्यांच्या समोर बसला होता, पण वस्तादांनी बघितलं नाही, हे त्याला लागलं होतं. मुंगीवर जीव, आमच्याकडे ढुंकूनही नाही, असं तो म्हणाला.

मी त्याला तारेचा एक तुकडा आणि दोन स्क्रू देऊन पीळ घालायला सांगितलं. दिलेला पीळ पक्का होता, पण टोक बाहेर. बघताना माझं बोट कापलं. पंडिताला त्या तारेने सोडवलं. सवय लपवता येते, नसलेली सवय ऐनवेळी आणता येत नाही.

तेव्हा आत होते ते फक्त वस्ताद. पण मुंगीची बढती थांबवा असं लेखी मागणारे पहिले तेच होते. आणि अंधारात, दिवा न लावता, ते आत काय करत होते?

४

वस्तादांची खोली शेडच्या टोकाला. मी दारात पोचायच्या आत ते म्हणाले, या मॅडम, बसा, तुमचा उजवा बूट वाजतोय, टाच बदलून घ्या. मी नेमणुकीचा कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, हातभर लांब धरला, आणि बाजूला ठेवत म्हणाले की कागद काय बघायचे, माणूस बघितला की झालं. किटलीतला चहा ओतताना त्यांनी कपात बोटाचं टोक धरलं होतं.

मुंगीचा विषय निघताच त्यांचा आवाज चढला. पोराला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. काचेवर पडलेला केससुद्धा त्याच्या बोटाला कळतो, असं ते चारचौघांत सांगत आले होते. आणि त्याच पोराने शेवटच्या परीक्षेत आरसा आत सोडला.

"माझा मुलगा असता तरी मी हेच मागितलं असतं. हत्यार विसरणाऱ्याच्या सहीवर विमान उडवायचं? मग इतकी वर्षं मी काय शिकवलं?"

बोलताना त्यांचा उजवा हात खिशात होता आणि खिशात काहीतरी किणकिणत होतं. मी विचारलं. त्यांनी कडं बाहेर काढलं, पितळी बिल्ल्यांचं. एकेका बिल्ल्यावरून अंगठा फिरवायची त्यांना सवय होती. विचार करताना फिरतो, असं ते जरा लाजून म्हणाले.

त्या सकाळी त्यांनी काय काय केलं, हे मी हळूच काढलं. दार उघडलं, चक्कर मारली, बाहेर आले, चहा घेतला. मुंगीच्या इंजिनाकडे गेला होतात का? कड्यावरचा अंगठा थांबला. परीक्षेच्या कामाला कुणी हात लावायचा नसतो, मग मी कशाला जाईन, असं म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि ते बोलतही नव्हते, हे मी पैजेवर सांगते. खरं बोलणारा माणूस आणि खोटं ठरणारं वाक्य, असा पेच मला आजवर पडला नव्हता.

५

संध्याकाळी मी मुंगीच्या क्वार्टरवर गेले. पुढच्या खोलीत मुलगी अभ्यास करत होती, आई भाजी निवडत होती, आणि दोन रिकाम्या पेट्या भिंतीशी आणून ठेवलेल्या होत्या. त्या कशाला आणल्या ते मी विचारलं नाही.

मुंगी मूग गिळून बसला होता. मी त्याला त्याचं बिल्ल्यांचं कडं मागितलं. हरवलंय म्हणाला. त्याच वेळी वहिनीने आतून बाहेर येऊन ते माझ्यासमोर टेबलावर आदळलं. काय ते दाखवा आणि मोकळे व्हा, असं ती नवऱ्याला म्हणाली. त्याने झडप घातली आणि कडं मुठीत धरलं, पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. त्याचे बिल्ले काळपट होते, आकडे धारदार. चमकणारा एकही नव्हता. एकावरचा नंबर मात्र वेगळा होता.

मी त्याला एकच विचारलं. शेडमध्ये शिष्य पहिली परीक्षा पास झाला की गुरू-शिष्य एकेक बिल्ला बदलून घेतात, असं आमच्या वेळी असायचं. अजून चालतं का? नियमात बसत नाही ते, पण चालायचं. मुंगीचा चेहरा उतरला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी विसरलो असं लिहा. मी सही करतो."

"आणि त्या पेट्या?"

"माझे हात आहेत अजून. कुठेही पोट भरेन. वस्तादांचे नोकरीतले शेवटचे दिवस आहेत." वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तो कुणासाठी आळ घेतोय ते तिला तेव्हाच कळलं होतं.

६

मला हे बंद खोलीत मिटवायचं होतं. पण वस्तादांनीच आग्रह धरला, की जे काही असेल ते शेडमध्ये, सगळ्यांसमोर होऊ द्या. शिकणाऱ्यांनी धडा घ्यावा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यासमोर वस्ताद, मुंगी, वहिनी, पंडित आणि परीक्षक असे सगळे उभे राहिले.

मी सांगत गेले. फळा संध्याकाळी भरलेला होता; वहिनी नवऱ्याला सोडेल, फळ्याला सोडणार नाही. म्हणजे आरसा सकाळी निघाला. झडप उघडणाऱ्याने ती इतक्या सफाईने पुन्हा बांधली की तो मुरलेला कारागीर असला पाहिजे. त्याला मुंगीला अडकवायचं असतं तर त्याने आरसा खोल ढकलला असता, कठड्यावर जपून ठेवला नसता. म्हणजे तो विसरला. पण आरसा कसा विसरतो माणूस? आरसा हातात धरूनच बघायचं असतं, बघून झालं की हात बाहेर आणि हाताबरोबर आरसा बाहेर. तो खाली ठेवायची वेळ एकावरच येते, ज्याला आरशात काही दिसत नाही. जुन्या सवयीने नेलेला आरसा तो बाजूला ठेवतो, हात मोकळा करतो आणि एकेक बोल्ट बोटांनी चाचपतो. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे हातच डोळे झाले होते. अशा माणसाला दिवा लावायचीही गरज पडत नाही.

पंडिताची मान वर झाली. तो वस्तादांकडे बघत होता आणि वस्ताद नेमके त्याच्याकडे बघत नव्हते.

"मुंगीचा बिल्ला तिथे कसा आला म्हणता?" वस्ताद म्हणाले. आवाज अजून करडा होता.

मी त्यांचं कडं मागून घेतलं. अदलाबदलीत मिळालेला मुंगीच्या नंबरचा बिल्ला त्यात नव्हता. मग पाकिटातला चमकणारा बिल्ला आणि त्यांच्याच कड्यातला एक, असे दोन बिल्ले मी त्यांच्या तळहातावर ठेवले, आणि यातला तुमचा कोणता ते सांगा म्हटलं.

त्यांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. मग क्षणाचाही विचार न करता चमकणारा उचलला. "हा माझा. हा तर सगळ्यात जुना."

कुणी काही बोललं नाही. त्या शांततेतूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी तो बिल्ला पुन्हा चाचपला, आकडे शोधत. शिष्याने दिलेला बिल्ला त्यांनी इतकी वर्षं इतका घासला होता की त्यावर आकडेच उरले नव्हते, आणि रोज बोटाला पहिला तोच लागत होता.

"मुंग्या," ते म्हणाले, "हा तुझा आहे का रे?"

मुंगी रडत होता. त्याच्याऐवजी वहिनीने हो म्हटलं.

वस्तादांनी बिल्ला माझ्या हातात परत ठेवला. "मी रोज जातो त्याचं काम बघायला," ते म्हणाले. "घराला कुलूप घातलं की नाही हे आठवत नाही, तसं झालं असेल. गेलो असेन." मग ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या बुटाच्या आवाजाकडे वळले. "डोळे वर्षभर असे आहेत. याला माहीत होतं. इंजिन बारकाईने हा बघायचा, सही मी करायचो. ते पण लिहा."

मी लिहिलं. मला ते आवडलं नाही, पण त्या सहीवर माणसं उडत होती.

लिहून झाल्यावर त्यांनी आपल्या कड्यातला एक बिल्ला काढला आणि मुंगीला तो टांगायला सांगितला. मुंगी हलला नाही. ज्याचा बिल्ला त्यानेच टांगायचा, हे त्यांनीच शिकवलं होतं. ते त्यांनाही आठवलं. मग ते स्वतः फळ्यापाशी गेले, खुंट्यांवरून हात फिरवत आरशाच्या जागी पोचले आणि बिल्ला अडकवला.

"फळा नोंदवून घे, वहिनी," ते म्हणाले.

७

अहवाल मी कोरडा लिहिला. वस्तादांना निरोपाचं संचलन मिळालं नाही, पण निवृत्ती आणि पेन्शन दोन्ही शाबूत राहिलं. त्यांनी वर्षभरात सही केलेली सगळी इंजिनं पुन्हा उघडली गेली. एकातही दोष निघाला नाही, आणि हे कळवायला मी स्वतः फोन केला. मुंगीला गोष्ट लपवल्याबद्दल कडक ताकीद मिळाली. जागाही त्यालाच मिळाली, कारण इंजिन त्याने संध्याकाळी सोडलं तेव्हा निर्दोष होतं आणि परीक्षा तेवढीच होती. पंडित रुसला नाही. पुढच्या जागेला अवकाश आहे म्हणाला, आणि तारेचं टोक कसं वळवायचं ते मुंगीकडून शिकून घेऊ लागला.

आरसा पुरावा म्हणून माझ्याकडे होता, त्यामुळे इतके दिवस फळा अपुरा होता आणि खुंटीवर वस्तादांचा बिल्ला तसाच. प्रकरण बंद झालं तेव्हा मी आरसा घेऊन गेले. मुंगीने जागेवर येताच बिल्ले बदलायची पद्धत बंद केली होती. सगळ्यांची कडी तपासून ज्याचा त्याला परत दिला होता.

वहिनीने आरसा त्याच्या काळ्या आकारावर बसवला आणि खुंटीवरचा बिल्ला काढला. नोकरीतून गेलेल्या माणसाचा बिल्ला वितळवायला द्यायचा असतो. तिने तो हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी नियम म्हणून दाखवला.

"आज संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातोय," ती म्हणाली. "रिकामा खिसा चाचपत बसतात म्हणे."

मुंगी कामात होता, नव्या इंजिनाच्या झडपेत मनगटापर्यंत हात घालून, आणि दुसऱ्या हातात टॉर्च. मी पेन उघडलं, वस्तादांच्या नंबरासमोर 'बिल्ला सापडला नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.